पाढे राहिले, वजाबाकी गेली

आमच्या देवबागात मेंदूचा झटका आलेली तीन माणसं मला माहीत आहेत. एक गेला. एकाचं अर्धं अंग लुळं पडलं. तिसरी मी. माझ्याकडे बघून कोणालाही वाटतं की हिचं काही गेलेलं नाही. मी चालते, बोलते, शिव्याही देते. ज्याचं गेलेलं दिसतं त्याला धरायला माणसं धावतात. ज्याचं दिसत नाही त्याच्यावर आळ येतो. माझ्यावर आला. म्हणून हे लिहिते आहे.

मी चौथी शिकलेली बाई. मोठ्या रोगाचं मोठं पुस्तक मला लिहिता येणार नाही. जे झालं ते सांगते.

आधी

समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं घर. पाहुण्यांसाठी चार खोल्या माझ्या मुलाने, प्रकाशने, बांधल्या. पण खोल्या इथे सगळ्यांकडे आहेत, होडीची फेरीही सगळ्यांकडे आहे. आमच्याकडे लोक जेवायला यायचे आणि जेवण माझ्या हातचं असायचं. नवरा समुद्रात गेला तेव्हा प्रकाश लहान होता. पुढे जे काही उभं राहिलं ते त्या स्वयंपाकघरातून राहिलं. तिथे मी सोडून कोणाची सत्ता नव्हती. सुनेची, स्नेहलचीही नाही. ती आत यायची ती मला विचारून.

प्रकाश सकाळी दारातूनच ओरडायचा, "आये, अठरा माणसां, पाच शाकाहारी." मी मान हलवायची. बाकी काही करावं लागायचं नाही. डोक्यात पंगत बसायची. दोन्ही बाजूंनी पानं मांडलेली, माणसं बसलेली. पाच जणांना उठवायचं, पलीकडे नेऊन बसवायचं. राहिलेल्या पानांवर सुरमईची एकेक तुकडी टाकत जायचं. शेवटच्या पानाशी आले की आकडा तोंडात तयार असायचा. तेरा. तांदूळ, नारळ, सोलकढीची कोकमं, सगळं त्या पंगतीवरून ठरायचं. मला वाटायचं सगळ्यांच्या डोक्यात अशीच पंगत बसते. माणसं अशीच वजाबाकी करतात. कोणाला विचारायची वेळच आली नव्हती.

तो दिवस

त्या दिवशी मी तांदूळ मापत होते. माप भरलं, टोपात ओतलं, आणि हे कितवं ते कळेना. टोपातला तांदूळ परत डब्यात ओतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. परत तेच झालं. शेजारची सुशी, जी कित्येक वर्षं माझ्याकडे नारळ खवायला येते, ती आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर बसून हे बघत होती.

"काकी, तांदूळ मापतंस काय खेळवतंस?" ती म्हणाली.

मी तिला शिवी घालायला गेले. शिवी अर्धीच बाहेर आली. उजव्या हातातलं माप खाली पडलं. सुशीने माझं तोंड बघितलं आणि हातातला नारळ टाकून प्रकाशला आणायला किनाऱ्यावर धावली. स्नेहलला वाटलं ऊन लागलं. तिने लिंबाचं सरबत करून माझ्या तोंडाला लावलं. अर्धं माझ्या लुगड्यावर सांडलं, अर्ध्याने ठसका लागला.

तुमच्याकडे असं कोणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ अडखळली, तर सरबत करत बसू नका. गाडी काढा.

मालवणात डॉक्टरांनी हात उचलून बघितला आणि गोव्याला न्यायला सांगितलं. वाटेत स्नेहल माझे पाय धरून बसली होती. प्रकाश पुढे बसून फोनवर पाहुण्यांची दुसरीकडे सोय लावत होता. त्याचाही मला तेव्हा राग आला नाही. पाहुणे उपाशी कसे ठेवायचे?

हॉस्पिटल

हॉस्पिटलात दिवस कुठे संपतो ते कळत नाही. दिवे सारखे चालू. सुई, गोळी, चादर, सुई. डॉक्टर येतात, हात वर करा, जीभ दाखवा, नाव सांगा. नाव मी सांगायचे. गावाचं नाव सांगायचे. त्यावर ते खूश होऊन पुढच्या खाटेकडे जायचे. आपल्याला सगळ्यांसमोर भांड्यावर बसवतात, त्याची लाज दोन-तीन दिवसांत मरते. मेली की बरं वाटतं.

एक चांगली गोष्ट सांगते. तिथे एक आया होती, सावंतवाडीकडची. ती रोज माझे केस विंचरून अंबाडा घालायची. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा म्हणाली, "मावशी, केसांत गुंतो झालो काय माणूस खराच आजारी दिसता." त्या हॉस्पिटलातलं मला तेवढंच परत हवंसं वाटतं.

हाताला जोर आला, बोलणं सुधारलं. मग एक तरुण डॉक्टरीण आली. शांत पोरगी. तिने विचारलं, शंभरातून सात गेले तर किती उरतात. मला वाटलं चेष्टा करते. नेहमीसारखी पंगत मांडायला गेले. पानंच पडेनात. एक मांडावं, दुसरं मांडेपर्यंत पहिलं नाही. तिने सोपं केलं, विसातून तीन. मग आणखी सोपं, सातातून तीन. बालवाडीतल्या पोराला विचारावं तसं.

मी म्हटलं, "मला झोप येते." झोप येत नव्हती. मरणाची भीती मला कधी वाटली नाही, ते माझ्या घरात आधीच येऊन गेलं होतं. पण त्या सात आणि तीनची भीती वाटली. उद्या प्रकाश दारातून ओरडेल आणि मी कशाला मान हलवू?

पाढे

दुसऱ्या दिवशी प्रकाश होता, स्नेहल होती, भेटायला आलेले दोन पाहुणेही होते. त्यांच्यासमोर डॉक्टरणीने सांगितलं की आजींची आकडेमोड गेली आहे. प्रकाशला अपमान वाटला.

"माझ्या आवशीक हिशोब येणा नाय? सगळो देवबाग हिच्याकडे विचारूक येता." मग माझ्याकडे वळला. "आये, सोळाचो पाढो म्हण गो."

मी म्हटला. तोंड उघडलं आणि आपोआप आला. सोळा सत्ते बारोदरसे, सोळा अठ्ठे अठ्ठावीसासे, कुठे अडखळले नाही. पुढे न सांगता दिडकी म्हटली. दोन दिडं तीन, तीन दिडं साडेचार. आमच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी रोज संध्याकाळी ओरडून म्हणावी लागायची. चुकलं की छडी. शेजारच्या खाटेवरची बाई हात जोडायला लागली. पाहुणे म्हणाले, काय बुद्धी आहे. प्रकाशने डॉक्टरणीकडे असं बघितलं, जणू तीच नापास झाली.

मलाही बरं वाटलं. मीही फसले.

डॉक्टरीण रागावली नाही. तिने प्रकाशला समजावलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. पाढे म्हणजे हिशोब नव्हे, असं ती म्हणाली. पाढे आरतीसारखे असतात. जिभेवर बसलेले, शब्दाला शब्द जोडलेले. ते बोलण्याच्या कप्प्यात राहतात, तो कप्पा आता सावरला आहे. पण सात म्हणजे केवढे, त्यातले तीन उचलले की मागे काय उरतं, हे बघायची जागा वेगळी. डोक्याच्या डाव्या बाजूला, मागे, वर. रक्त तिथे अडलं होतं. ती जागा शिकवून शिकवून थोडी परत येते, म्हणून दर पंधरवड्याला व्यायामाला आणा, एक बाई आकड्यांचे व्यायाम करून घेईल.

प्रकाशने मान हलवली. त्याने फक्त पाढे ऐकले होते.

काय गेलं, काय राहिलं

घरी आल्यावर मी स्वतःच स्वतःला तपासत बसायचे. कोणाला असं झालं असेल तर त्याच्या घरच्यांना उपयोग होईल म्हणून सांगते.

बांगड्यांचे दोन ढीग ठेवा, मोठा कुठला ते लगेच सांगेन. ते गेलं नाही. तीन बांगडे असले तर तीन हे दिसतं. त्याच्यापुढे दिसत नाही, बोट लावून मोजावं लागतं. मोजताना कोणी बोललं की गेलं. पुढे मोजता येतं, उलटं येत नाही. उलटं मोजणं म्हणजे डोळे मिटून पायऱ्या उतरणं. पाढा म्हणताना मधेच थांबवलं तर मधून सुरुवात करता येत नाही, परत एकेपासून चढावं लागतं. सात आणि तीन असं ऐकलं की जीभ पुढे पळते आणि "सात त्रिक एकवीस" म्हणते. तिला कोणी विचारलं होतं? माझं वय विचाराल तर जन्मसाल सांगते. पुढचं तुम्ही काढा.

पंगत मात्र बसतच नाही.

प्रकाशला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "पाढे येतत मरे तुका. आणि काय व्हया?" व्यायामाला न्यायचं राहिलं. पाहुण्यांचे दिवस होते, गाडी पाहुण्यांना लागायची. हे कारण खरंच होतं, आणि खरं कारण असलं की भांडता येत नाही. त्याने गावच्या देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणं मात्र घातलं. गुरवाने देवाला सांगितलं की म्हातारी बरी झालेली आसा, तशीच बरी ठेव. म्हणजे देवालाही चुकीची माहिती गेली.

आळ

मी आजारी असताना स्वयंपाकघर स्नेहलने सांभाळलं होतं. वाईट केलं असं म्हणणार नाही. वाटणात तिरफळं जास्त घालायची, तेवढंच. मी परत चुलीपाशी उभी राहिले तेव्हा तिने जागा सोडली. पण तिचं तोंड मी बघितलं.

पहिले काही दिवस थोडे पाहुणे होते, सुशी हळूच सांगायची आणि निभायचं. मग सुशी लेकीकडे गेली. त्या दिवशी प्रकाश दारातून ओरडला, "वीस माणसां, सा शाकाहारी." मी मान हलवली. सवयच ती.

पंगत मांडायचा प्रयत्न केला. मोजायचा केला. वीसपर्यंत मोजत गेले, मग सहाचं काय करायचं ते कळेना. पुढे मोजायचे की मागे? विचारायला लाज वाटली. तव्यावर तुकड्या टाकत गेले आणि पुरे वाटलं तिथे थांबले. जेवणं सुरू झाली आणि अर्ध्या लोकांच्या ताटात मासा नव्हता. डाळ-भाजी मात्र सगळ्या गावाला पुरेल एवढी. पुण्याचे एक गृहस्थ हसून म्हणाले, आजी, आम्हाला श्रावण पाळायला लावलात. प्रकाश हसला, पण कान लाल झाले.

पाहुणे खोल्यांत गेल्यावर तो आत आला.

"आये, तू ह्या मुद्दाम केलंस."

मी म्हटलं, मुद्दाम कशाला करू.

"स्नेहलान एवढे दिवस सगळा नीट केल्यान, ता तुका बघवणा नाय. तुका अडीचकी येता. आणि वीसातले सा काढूक येणत नाय? कोणाक सांगतंस?"

माझा स्वभाव गोड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. सुनेला मी चार शब्द ऐकवलेले आहेत. त्यामुळे आळ नीट बसला, मापून शिवलेल्या कपड्यासारखा. नातेवाइकांतही तेच झालं. म्हातारी कावेबाज आहे. सोंग आहे. आठवणीने पाढे म्हणते आणि मासे मोजायचे विसरते. सुशी परत आली तेव्हा तिनेही मला बाजूला घेऊन विचारलं, "काकी, खरा सांग. तेंका धडो शिकवतंस काय?" तिला ते आवडलं असतं असं मला वाटलं.

वेडी म्हटलं असतं तर कमी लागलं असतं.

परत गोव्याला

शेवटी रक्तदाबाच्या तपासणीला जावं लागलं. प्रकाशला वेळ नव्हता म्हणून स्नेहल आली. तीच डॉक्टरीण होती. तिने टेबलावर सात बटणं ठेवली आणि तीन उचलायला सांगितली. मी उचलली. राहिलेली मोजली, बोट लावून. चार. मग तिने बटणं खणात टाकली आणि तोंडी विचारलं.

"सातातून तीन गेले?"

समोर आत्ताच झालेलं होतं. मला माहीत होतं की मला माहीत आहे. मी ओठ दाबून धरले, कारण जिभेवर एकवीस येऊन बसले होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून मी एवढा जोर लावला की डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटी तेच पडले. "एकवीस."

स्नेहल माझ्या बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खणाकडे बघत राहिली. परत येताना कसालला गाडी थांबवून तिने मला चहा पाजला. तिचं माहेर तिथलंच, पण ती घरी गेली नाही. चहा संपल्यावर म्हणाली, "माका वाटला तुम्ही माझ्यावर राग काढतास."

"काढत होतंय," मी म्हटलं. "पण माशांत नाय."

विश्वास

मला वाटलं होतं, माझ्यावर विश्वास बसला की सगळं ठीक होईल. विश्वास बसला. स्नेहलने प्रकाशला सांगितलं, प्रकाशने डॉक्टरणीला फोन केला, आणि माझ्यासमोर डोकं खाली घालून बसला. मग सगळे एकदम चांगले वागायला लागले. माझ्या हातातून सुरी काढून घेतली. मला पडवीत खुर्ची दिली. "तू आराम कर, आये." लबाड होते तोवर मी स्वयंपाकघरात तरी होते. माझ्याशी भांडत तरी होते. आता मी आजारी ठरले आणि माझ्याशी कोणी भांडेना.

त्यातून प्रकाशने एक नवीन काढलं. जेवणं झाली की पाहुण्यांना पडवीत आणायचं आणि मला पाढे म्हणायला लावायचे. आजची पोरं कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, आमची आई बघा. पाहुणे टाळ्या वाजवायचे, फोनवर चित्र घ्यायचे. मला वाटतं त्याला ते ऐकून धीर यायचा. आई आहे तशी आहे, असं वाटायचं. मी काही दिवस म्हटले. पोराला धीर येतो तर येऊ दे.

एका दुपारी बेळगावची मंडळी होती. बायका, म्हातारे, सगळे घोळका करून उभे. प्रकाश म्हणाला, "आये, अडीचकी म्हणून दाखव गो."

मी म्हटलं, "अडीचकी नको. सातातून तीन गेले तर उरले किती, ता विचार माका."

तो हसला. पाहुणेही हसले.

"विचार," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर विचार."

त्याने विचारलं नाही. पाहुण्यांना खाडीवरची होडी तयार आहे म्हणून सांगितलं आणि त्यांना घेऊन गेला. त्यानंतर पाढे थांबले. त्याने मला अजूनही काही विचारलेलं नाही. तो माझ्यासाठी औषधं आणतो, पाय दाबून देतो, आणि आकडा माझ्यासमोर उच्चारत नाही. किती वाजले हेसुद्धा सांगत नाही. "जेवणाची वेळ झाली" म्हणतो.

तुमच्या घरात असं माणूस असेल तर त्याला जे येतं ते म्हणायला लावू नका. त्यात तुमचं समाधान आहे, त्याचं नाही. जे येत नाही ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत समोरून हलू नका.

हे मी स्नेहलवरून सांगते. पडवीतला तो प्रकार तिने आतून ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझी खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला नेऊन ठेवली. मला विचारलं नाही. कांदा हातात दिला आणि म्हणाली, "नऊ माणसां. दोघां मासे खायनत नाय. तुकड्यो किती?"

तेव्हापासून रोज विचारते. मी बटणं मांडते, कधी कोकमं मांडते, कधी न मांडता सांगायला बघते. कधी बरोबर येतं. पुष्कळदा चुकतं. चुकलं की ती गोड बोलत नाही. पूर्वीसारखं स्वयंपाकघर मी एकटीने सांभाळीन असला दिवस येईल, असं मला वाटत नाही, आणि तीही तसं म्हणत नाही.

काल अकरा माणसं होती, चार शाकाहारी. मी आठ म्हटलं.

"नाय," स्नेहल म्हणाली. "परत."

मी म्हटलं, तूच बघ, तेल तापलंय, बाहेर लोक बसलेत. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. बाहेरून प्रकाश दोनदा ओरडला की पाहुणे खोळंबलेत.

"खोळंबांदेत," ती म्हणाली.